हैतीतल्या चर्चच्या शाळा आणि परदेशी 'पालकां'च्या भेटी

२०१०च्या भूकंपानंतरची काही वर्षं हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळावर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले अमेरिकन चर्चचे जथे सतत उतरत. कुणी शाळेच्या भिंती रंगवायला येई, तर कुणी महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवून ज्या मुलाचा खर्च चालवतो, त्याला एकदा डोळ्यांनी पाहायला. या भेटींची चर्चा खूप झाली. पण मूल स्पॉन्सर करण्याची पद्धत विमानप्रवासापेक्षा कितीतरी जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्याकडेही येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मिशनऱ्यांनी श्रीलंकेतल्या जाफन्याला निवासी शाळा काढल्या. एखाद्या मुलाचा खर्च उचलणाऱ्या अमेरिकन माणसाला त्या मुलाचं नाव ठेवता येई. कॅरोल विश्वनाथ पिल्लै, नेविन्स चिदंबर पिल्लै अशी तमिळ विद्वानांची नावं त्यातूनच आली. पुढे १८९९-१९००च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाने वाचकांना आवाहन केलं: वर्षाला १५ डॉलर द्या, हिंदुस्थानातलं एक अनाथ मूल सांभाळलं जाईल. अशी मुलं सांभाळणाऱ्यांत नगर भागातलं अमेरिकन मराठी मिशनही होतं. देणारा आणि मूल यांची गाठ पडण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता.

विसाव्या शतकात युद्धांनी ही पद्धत फोफावली. स्पेनच्या यादवीत, १९३७ साली, ब्रिटिश पत्रकार जॉन लँग्डन-डेव्हिस यांनी निर्वासित मुलांसाठी 'पालक' शोधायला सुरुवात केली. १९५२ साली शिकागोचे धर्मप्रचारक एव्हरेट स्वॉन्सन अमेरिकन सैनिकांपुढे प्रवचनं द्यायला कोरियात गेले आणि रस्त्यावरची अनाथ मुलं पाहून परतले. त्यांच्या कामातून उभी राहिलेली संस्था म्हणजे 'कम्पॅशन इंटरनॅशनल'. ती स्थानिक चर्चमार्फतच काम करते. १९६८ साली ती हैतीत पोचली.

तिथे चर्चच का, याचं उत्तर हैतीच्या तिजोरीत शोधावं लागतं. गुलामांनी बंड करून १८०४ साली हा देश स्वतंत्र केला. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका आणून जुन्या मळेवाल्यांच्या 'नुकसानभरपाई'पोटी १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. १८३८ साली रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण ती भागवायला काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७पर्यंत फिटत राहिले. गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी मालकांच्या वारसांना पैसे मोजले, याला दुसरा शब्द नाही, लूटच. शाळांवर खर्च करायला सरकारकडे पैसा उरला नाही. १८६० साली व्हॅटिकनशी झालेल्या करारानंतर कॅथलिक संघांनी शाळा काढल्या, पण त्या प्रामुख्याने शहरांत. खेड्यांत बऱ्याच ठिकाणी प्रॉटेस्टंट पास्टरने प्रार्थनाघरातच वर्ग भरवले. १९५७पासून हुकूमशहा फ्रान्स्वा दुव्हालिएचं कॅथलिक धर्मगुरूंशी बिनसलं आणि प्रॉटेस्टंट मिशनांना आणखी मोकळीक मिळाली. आजही हैतीतल्या बहुतेक शाळा खासगी आहेत, म्हणजे फी भरावी लागते. स्पॉन्सरचे डॉलर मुख्यतः तिथेच लागतात: फी, गणवेश, एक वेळचं जेवण, डॉक्टरची तपासणी.

भेटीला मात्र कुणी आपल्या मनाने जाऊ शकत नाही. संस्थेमार्फतच जायचं, सोबत कार्यकर्ता आणि दुभाष्या. मुलं गाणी म्हणतात, आई ठेवणीतले कपडे घालून येते, पाहुणा भेटवस्तूंची पिशवी देतो. पाहुण्याचा विश्वास यातून पक्का होतो. मुलाच्या पदरात काय पडतं, याबद्दल मला शंका आहे. शेजारच्या बाकावरच्या, स्पॉन्सर नसलेल्या मुलाच्या तर काहीच पडत नाही. 'न्यू इंटरनॅशनलिस्ट' मासिकाने १९८२ सालीच या पद्धतीवर जोरदार टीका केली होती. उलट बाजूला २०१३ साली अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. भारतासह सहा देशांत (हैती त्यांत नाही) कम्पॅशनच्या मुलांचं शिक्षण साधारण एक ते दीड वर्षाने वाढल्याचं त्यात दिसलं. तो अभ्यास योजनेचा होता, भेटींचा नव्हे.

अनाथाश्रमांची गोष्ट वेगळी, आणि ती यात मिसळू नये. स्पॉन्सर केलेलं मूल सहसा आपल्याच घरी राहतं. हैतीतल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे मात्र आई किंवा वडील हयात असतात. भूकंपानंतर जानेवारी २०१० मध्ये दहा अमेरिकन बाप्टिस्ट ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. त्यांतल्याही बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले.

भारतातलं कम्पॅशनचं काम मार्च २०१७ मध्ये थांबलं. सरकारने धर्मांतराच्या आरोपावरून परदेशी निधी अडवला, आणि सुमारे १ लाख ४५ हजार मुलांची मदत बंद झाली. हैतीत सरकारने नव्हे, टोळ्यांनी वाट अडवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका अनाथाश्रमाला भेट देऊन परतणाऱ्या मिशनरी आणि त्यांचे कुटुंबीय अशा १७ जणांचं '४०० मावोझो' टोळीने अपहरण केलं. शेवटच्या बंदींची सुटका डिसेंबरात झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रवासी विमानांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अमेरिकेने आपल्या कंपन्यांची पोर्ट-ओ-प्रिन्सची उड्डाणं थांबवली.