कबड्डी मंडळ (ग्रामीण विदर्भ)

विदर्भातील खेड्यांत तरुणांनी वर्गणीतून उभा केलेला आणि हौसेने चालवलेला कबड्डीचा संघ. ‘जय बजरंग’, ‘नवयुवक’ अशी नावे गावोगाव आढळतात. बहुतेक मंडळांना कार्यालय नसते, पगारी प्रशिक्षक तर नसतोच. शाळेमागची किंवा देवळापुढची मोकळी जागा आणि गावातले आठ-दहा भिडू एवढे भांडवल पुरते. जागा गेली की मंडळही मोडते.

जुन्या पिढीच्या हुतूतूला या भागात शिस्तीचे वळण लावण्यात अमरावतीचा वाटा मोठा आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीही होती. कबड्डीच्या इतिहासात अमरावतीचे हे काम अधिक ठळकपणे सांगितले गेले पाहिजे. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. त्यामुळे वाशिम किंवा गोंदियाच्या खेड्यातल्या मुलाला निवड चाचणीत मुंबई-पुण्याच्या नामांकित संघांशी झगडावे लागत नाही.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूला सात खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि चढाईला ३० सेकंद. माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा यांचे मैदान नियमांना चालते. पण वऱ्हाडातली काळी माती वाळली की भेगाळते आणि ओली झाली की पायाला चिकटते. म्हणून सामन्याआधी पोरे वरचा थर खणून खडे वेचतात, भुसभुशीत माती आणून पसरतात, संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवतात आणि सकाळी चुन्याने मधली रेषा, चढाई करणाऱ्याने ओलांडायलाच हवी ती ‘निदान रेषा’ आणि जादा गुणाची ‘बोनस रेषा’ आखतात. या खटपटीतच नवा भिडू मंडळाचा होतो.

हंगाम पिकावर ठरतो. पश्चिमेकडे कापसाची वेचणी आणि पूर्वेकडे धानाची मळणी आटोपली की थंडीत दिव्यांच्या उजेडात रात्रभर सामने चालतात. खुल्या गटाबरोबर वजनगटाचेही सामने असतात. काट्यावर किलोभर जास्त भरलेला मुलगा स्वेटर चढवून गावाबाहेर धावून येतो आणि घाम गाळून पुन्हा काट्यावर उभा राहतो. वाढत्या वयाच्या मुलांनी हे करू नये. मंडळांनी त्यांना वरच्या गटात खेळवावे.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर मुलांचा ओढा वाढला. मोठ्या स्पर्धा मात्र आता मॅटवर होतात, आणि अनवाणी मातीवर घडलेल्या चढाईपटूला तेथे बूट घालून वळणे जड जाते. घोट्याची पकड मारणाऱ्यालाही हात घालण्याची वेळ नव्याने साधावी लागते. मॅटचा खर्च गावच्या वर्गणीला पेलत नाही. शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी गावोगावची बक्षिसे कामी येत नाहीत, वरच्या स्तरावरचे प्रावीण्य लागते. म्हणून तालुक्याला एक तरी सार्वजनिक मॅट असणे ही या मंडळांची खरी गरज आहे.

मुलींचे संघ बहुतांशी शाळांतून तयार झाले. रात्रीचे सामने त्यांच्या सोयीचे नसल्याने सराव शाळा सुटल्यावर, दिवेलागणीच्या आत उरकतो. दहावीनंतर कॉलेज तालुक्याला, येणे-जाणे एसटीने, आणि त्या वेळा सांभाळताना अनेकींचा खेळ सुटतो. कॉलेजात संघ आणि मुलींना घरी पोचवणारी उशिराची बस असेल, तर त्या पुढे खेळू शकतात.