वॉटकिन्स ग्लेन: ओढ्याने कापलेली घळ आणि तिच्या काठावरचा मुक्काम

न्यूयॉर्क राज्यात, सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन हे गाव आहे. तिथल्या स्टेट पार्कचं मुख्य प्रवेशद्वार गावातच आहे, आत शिरलं की लगेच घळ सुरू होते. ग्लेन क्रीक हा तसा लहानसा ओढा. पण जेमतेम ३ किलोमीटरांत तो सुमारे १२० मीटर खाली उतरतो आणि वाटेत १९ धबधबे घेतो. दोन्ही बाजूंचे कडे काही ठिकाणी ६० मीटर उंच आहेत.

एवढ्याशा ओढ्याने हे कापलं कसं? त्याचं उत्तर खालच्या सरोवरात आहे. हिमयुगात बर्फाच्या जाड थराने मुख्य दरी खरवडून खोल केली. सेनेका सरोवर आज १८८ मीटर खोल आहे आणि त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १३६ मीटरवर आहे; म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेला. बाजूने येऊन मिळणारा ओढा मात्र वर लटकत राहिला. सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटला, ओढ्याचं पाणी उंचावरून कोसळू लागलं आणि पायाखालचा खडक खात खात धबधबा मागे सरकत गेला.

हा खडक जवळून पाहण्यासारखा आहे. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ. त्यातला शेल, म्हणजे चिखलाचा झालेला खडक, मऊ, पापुद्र्यांनी सुटणारा. मधले वाळूच्या खडकाचे थर टणक. टणक थर टिकून त्याची पायरी होते आणि खालचा मऊ थर पोखरला जातो. कॅव्हर्न कॅस्केड आणि रेनबो फॉल्स या दोन धबधब्यांच्या मागून वाट जाते, तिथे हे समोर दिसतं. काही फरश्यांवर हात फिरवला तर वाळूत उमटतात तशा लाटांच्या बारीक वळ्या लागतात; त्या जुन्या समुद्रतळावरच्याच. ओढ्यातले गोल खळगे पाहून निघोजच्या रांजणखळग्यांची आठवण येईल. कुकडीचा खडक बेसाल्टचा, हा गाळाचा, पण रीत एकच: भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरत तळ उगाळतात.

घळीतली वाट सुमारे २.४ किलोमीटर लांब आणि ८३२ दगडी पायऱ्यांची आहे. ती खालून वर चढावी. ओल्या दगडावर उतरताना पाय जास्त घसरतो, कारण सगळा भार पुढच्या टाचेवर येतो. घळीत ऊन कमी, तुषार कायम, त्यामुळे दगडावर शेवाळाची पातळ साय धरते. तळवा गुळगुळीत झालेले बूट इथे चालत नाहीत. थांबत थांबत दीड-दोन तास धरावेत. शेवटच्या टप्प्यात जेकब्स लॅडरच्या १८० पायऱ्या एकदम येतात, तेवढा दम राखून ठेवावा. परतताना काठावरच्या जंगलातली वाट घ्यावी, ती कोरडी आणि मोकळी असते.

हिवाळ्यात घळीतली वाट बंद असते आणि त्यामागे ठोस कारण आहे. भेगांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड सैल होतात. वसंतात ते पाडून टाकल्यावरच वाट उघडते. पाण्याचा जोर इथे कमी लेखू नये: जुलै १९३५च्या पुराने आधीच्या वाटा आणि पूल उद्ध्वस्त केले होते.

मुक्कामाची जागा दक्षिणेच्या अंगाला, झाडीत आहे. तंबूसाठी किंचित उंचवटा निवडावा. खोलगट जागा सपाट आणि मऊ वाटते, पण पावसात पाणी तिथेच येतं आणि रात्री थंड हवाही तिथेच साचते. तंबूखाली घातलेलं प्लास्टिक बाहेर डोकावू देऊ नये. ते पाऊस झेलून थेट पाठीखाली आणतं. कडा आत दुमडाव्यात. सकाळी आतून कापड ओलं दिसलं की तंबू गळतो असा समज होतो; बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची वाफ असते. वरची खिडकी बोटभर उघडी ठेवली की फरक पडतो. गारवा खालूनही चढतो, कारण अंगाखाली स्लीपिंग बॅग दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते. जाड मॅट हवीच.

शेकोटीची लाकडं घरून नेऊ नयेत. प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे हलवायला या राज्यात मनाई आहे. ॲशची झाडं मारणाऱ्या हिरव्या भुंगेऱ्याच्या अळ्या सालीखाली लपून अशा लाकडातूनच नव्या जंगलात पोचतात. खाणं तंबूत ठेवू नये, गाडीत बंद करावं. रॅकून हे रात्री भटकणारे प्राणी तंबूची चेन उघडण्यात वाकबगार आहेत. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड शोधावी, कारण इथली बारीक गोचीड लाइम रोग पसरवते. सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, पिळू नये. झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून राख ढवळावी, पुन्हा ओतावं, आणि हाताची मागची बाजू जवळ नेली तरी ऊब लागणार नाही तोवर उठू नये.