कँडिड फोटो आपोआप मिळत नाहीत

‘कँडिडवाल्याला, म्हणजे पोझ न देता सहज घडणारे क्षण टिपणाऱ्या फोटोग्राफरला, काही सांगावं लागत नाही, तो फिरत फिरत टिपतो,’ हा समज लग्नघरांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो साफ चुकीचा आहे. शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट दूर होतो, त्याच क्षणी अक्षता उडतात आणि मामा, करवल्या, व्हिडिओवाला सगळेच मधे येतात. नवरीचा चेहरा हवा असेल तर फोटोग्राफर आधीपासूनच नवऱ्याच्या खांद्यामागे उभा हवा. तिथे ‘पुन्हा एकदा करा’ म्हणता येत नाही. म्हणून त्याला विधींचा क्रम द्या, नवरदेवाचा कान कोणता भाऊ पिळणार तेही सांगा. आणि निवडताना इन्स्टाग्रामवरच्या वेचक फोटोंवर भुलू नका. एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा, शक्यतो ट्यूबलाइटच्या अवघड उजेडातल्या मंगल कार्यालयातले.