पावतीच्या रकान्यात न बसणारा पैसा

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की पुणे कॅम्पातल्या मशिदींच्या दारात टेबलं लागतात. टेबलावर पावतीपुस्तक, शेजारी कुलूप लावलेली पेटी. पावतीवर दानाच्या प्रकारांचे रकाने छापलेले: जकात, फित्रा, सदका, लिल्लाह. अशाच एका टेबलापाशी मी रांगेत होतो. पुढच्या तरुणानं पाकीट सरकवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "चाचा, खात्यावर पडलेलं व्याज आहे. मशिदीच्या कामाला लावा." चाचांनी पेनाला टोपण लावलं. "बेटा, हे इथं नाही चालत. कुणी गरजू माहीत असेल तर त्याला दे. आणि देताना सवाबाची नियत ठेवू नकोस." तरुणाचा चेहरा पडला. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, हे त्याला ठाऊक होतं; पण सवाब म्हणजे पुण्य, तेच नको म्हणून दान द्यायचं, ही गोष्ट त्याला नवीन होती.

चाचांच्या त्या तीन वाक्यांमागे चौदा शतकांचा विचार आहे, आणि त्याची पहिली गोष्ट तर इस्लामच्याही आधीची आहे.

इसवी सन ६०५च्या सुमारास मक्केच्या कुरैश टोळीनं काबा नव्यानं बांधायला घेतला. मुहम्मद पैगंबर तेव्हा साधारण पस्तिशीचे होते, पैगंबरी मिळायला अजून पाच वर्षं होती. जुनी भिंत पाडण्याआधी अबू वहब नावाच्या वडीलधाऱ्यानं सगळ्यांना बजावलं, की या बांधकामात फक्त चोख कमाई घाला. वेश्येची कमाई नको, व्याजाचा पैसा नको, कुणावर जुलूम करून मिळवलेलं काहीही नको. मूर्तिपूजक व्यापाऱ्यांच्या गावात ही अट घातली गेली आणि पाळलीही गेली. परिणाम असा झाला, की चोख पैसा पुरला नाही. काब्याची एक बाजू आखडती घ्यावी लागली आणि सोडलेल्या जागेभोवती बुटकी, अर्धवर्तुळाकार भिंत घातली गेली. तीच हतीम. पुढे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी विचारलं, ही जागा आत का घेतली नाही? पैगंबरांनी उत्तर दिलं, तुझ्या लोकांकडचा पैसा संपला होता. नंतरच्या काळात मक्केचे सत्ताधीश अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी ती जागा आत घेऊन काबा बांधला, पण दहाएक वर्षांत त्यांना हरवणाऱ्या उमय्या सेनापती हज्जाजनं तो पुन्हा जुन्या मापाला आणला. पुण्याहून हजला जाऊन आलेली माणसं हतीममध्ये नमाज पढल्याचं कौतुकानं सांगतात. ती जागा उघडी का राहिली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

इस्लाम आल्यावर हा दंडक हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आला. अल्लाह पाक आहे आणि पाक तेवढंच स्वीकारतो, हे वचन सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. त्याच संग्रहात आणखी एक प्रसंग आहे आणि मला तो जास्त बोचतो. बसऱ्याचे सुभेदार राहिलेले इब्न आमिर आजारी होते. पैगंबरांचे सहकारी इब्न उमर भेटायला गेले, तेव्हा इब्न आमिर म्हणाले, माझ्यासाठी दुआ करा ना. इब्न उमर यांनी पैगंबरांचे शब्द ऐकवले: वुजूशिवाय, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुद्ध झाल्याशिवाय, नमाज कबूल होत नाही आणि अफरातफरीच्या पैशातला सदका कबूल होत नाही. पुढे एवढंच म्हणाले, तुम्ही बसऱ्यावर होतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून, सत्तेच्या माणसाला.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. गाठ पुढे पडते. समजा, माणसाला पश्चात्ताप झाला. आता हातातल्या पैशाचं करायचं काय? फुजैल इब्न इयाज हे सूफी म्हणत, असला पैसा दगडांत फेकून देईन, पण दान करणार नाही, कारण दान द्यायचं तर चोख द्यावं. थोर धर्मपंडित इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ही भावना समजून घेतली, पण ती मानली नाही. त्यांचा सवाल व्यवहाराचा होता. पैसा समुद्रात टाकला तर मालकालाही नाही आणि गरिबालाही नाही. गरिबाला दिला तर निदान मालकाच्या वतीनं तरी काही घडेल. सुमारे दीड शतकानं होऊन गेलेले धर्मशास्त्री इमाम नववी यांनी गझालींचा हवाला देत क्रम लावून दिला. मालक माहीत असेल तर पैसा त्याला परत. तो वारला असेल तर वारसांना. पत्ता लागण्याची आशाच नसेल, तर सगळ्यांच्या उपयोगाच्या कामाला: पूल, धर्मशाळा, मक्केची वाट आणि मशीदसुद्धा. नाहीतर गोरगरिबांना.

म्हणजे आधी मालक, मग समाज, आणि देणाऱ्याचा वाटा शून्य. सवाबाची नियत नको, ती याचसाठी. पैसा त्याचा नव्हताच, तर पुण्य त्याच्या नावावर कसं चढणार? आपल्याकडे 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' म्हणतात. ही उदारी मोडून काढायलाच तो क्रम आहे, असं मला वाटतं. ज्याला लुबाडलं तो दारात उभा असताना मशिदीला संगमरवर देता येत नाही.

मशिदीबाबत मात्र एकमत नव्हतं. नववींच्या यादीत मशीद आहे. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान धर्मशास्त्राच्या ज्या हनफी पंथाचे, त्याचे विद्वान जास्त कडक. एकोणिसाव्या शतकातल्या दमास्कसच्या इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांच्या ग्रंथात कारण नोंदलं आहे: अल्लाह जे स्वीकारत नाही, तसल्या पैशानं अल्लाहचं घर मळवू नये. बळकावलेल्या जमिनीवरची नमाज बहुतेकांच्या मते होते, पण गुन्हा डोक्यावर राहतो. हंबली या दुसऱ्या पंथात ती होतच नाही, असं मत प्रसिद्ध आहे.

सामान्य माणसंही गप्प बसली नाहीत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सुलतान कानसूह अल-घुरी यानं कैरोत देखणी मशीद उभारली. त्यासाठीचा पैसा आणि संगमरवर जोरजबरदस्तीनं उकळलेला होता. कैरोच्या लोकांनी तिला नाव दिलं 'अल-मस्जिद अल-हराम'. हे मक्केच्या पवित्र मशिदीचं नाव. अरबीत हराम म्हणजे पवित्र आणि निषिद्धही. दोन शब्दांत पूर्ण हिशेब. समोरच त्यानं स्वतःसाठी मकबरा बांधला होता, पण १५१६मध्ये तो मर्ज दाबिकच्या लढाईत पडला आणि त्याचं शवही सापडलं नाही.

हिंदुस्थानात हा प्रश्न बँकांबरोबर घरोघर आला. व्याज घ्यायचं नाही, पण खात्यावर ते आपोआप जमा होतं. ते बँकेतच सोडून द्यावं का? इथल्या बहुतेक मुफ्तींनी, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्या विद्वानांनी, सांगितलं, सोडू नका, काढून घ्या आणि सवाबाची नियत न ठेवता गरजूंना द्या. मशिदीच्या बांधकामाला नको. मशिदीच्या शौचालयाला चालेल का, यावर आजही दोन मतं ऐकू येतात. चाचा बोलले ते हेच.

या सगळ्या इतिहासात पुणे शहराचा एक धागा आहे आणि तो मला सोडवत नाही. दिल्लीच्या हौज काझी भागात लाल दगडाची, तीन घुमटांची छोटी मशीद आहे. १८२०च्या दशकात ती मुबारक बेगमनं बांधली. ती मूळची पुण्याची, नाचगाण्याच्या पेशातली, नंतर मुसलमान झालेली. ईस्ट इंडिया कंपनीचा दिल्लीतला रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, जनरल ऑक्टरलोनी याची ती बेगम. दिल्लीकरांनी तिच्या मशिदीला तिच्या पेशावरून जे नाव पाडलं, ती शिवी आहे. दोनशे वर्षं ती त्या भिंतींना चिकटून आहे.

वेश्येची कमाई हदीसनं निषिद्ध ठरवली आहे, हे खरंच. पण त्याच परंपरेतले धर्मपंडित इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी अशा कमाईवर लिहून ठेवलं आहे: पैसे देणाऱ्या पुरुषाला ते परत करू नयेत, कारण त्याला हवं ते मिळालं आहे. दान करावेत. आणि तौबा, म्हणजे पश्चात्ताप, केलेली व्यक्ती स्वतःच गरजू असेल, तर गरजेपुरते तिनं ठेवून घ्यावेत. बाईला शिव्या देण्याची मुभा या निवाड्यात कुठेही नाही. जुलै २०२०च्या पावसात त्या मशिदीचा मधला घुमट कोसळला, तेव्हा बातम्यांतही तेच जुनं नाव छापून आलं. ती पुण्याची होती, हे पुण्यात कुणाला फारसं ठाऊक नाही.