घरीच शिकणारं मूल ‘शाळाबाह्य’ ठरतं का?

घोडबंदर रोडला किंवा वाशी-नेरुळकडे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणारं एखादं कुटुंब आता भेटतं. शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे कायद्यात बसतं का? अडचण अशी की कायद्यात त्यासाठी ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही.

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना आपल्याकडे जुनी. बडोदा संस्थानाने ती १९०६ मध्ये सगळीकडे लागू केली. कोल्हापुरात १९१७ मध्ये मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला होता. सक्ती तेव्हा पालकावर होती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने (अंमल १ एप्रिल २०१० पासून) हे उलटवलं. कलम ८ मध्ये ‘सक्तीचं शिक्षण’ म्हणजे काय याचा खुलासा आहे आणि तो सगळा सरकारवर येतो: शाळा काढा, प्रवेश द्या, हजेरी पाहा. पालकासाठी कलम १०. पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणं हे त्याचं कर्तव्य, पण न केल्यास शिक्षा लिहिलेली नाही. शिक्षा आहे ती मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला: १ लाखापर्यंत दंड, पुढे चालूच ठेवली तर दिवसाला १० हजार. चार घरांनी मिळून एका हॉलमध्ये फी घेऊन वर्ग भरवला, तर गाठ या दंडाच्या कलमाशी पडू शकते. एकट्या घराचा प्रश्न वेगळा.

२०१२ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला. केंद्राने आधी सांगितलं, स्वेच्छेने घरी शिकवणारे तसं करू शकतात. मग ते प्रतिज्ञापत्र मागे घेतलं. ठाम निकाल काही निघाला नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने वेदपाठशाळा आणि मदरसे कायद्यातून वगळले गेले; घरच्या शिक्षणाची आठवण तेव्हाही कुणाला झाली नाही.

खरा घोळ मात्र ‘शाळाबाह्य’ या शब्दाचा. सहा ते चौदा वयाचं, कधीच शाळेत नाव न घातलेलं किंवा महिनाभर सलग गैरहजर असलेलं मूल, अशी त्याची सरकारी व्याख्या. ती कुणासाठी होती हे ठाणे जिल्ह्यात वेगळं सांगायला नको: भिवंडी-शहापूरच्या वीटभट्ट्या, तुर्भ्याच्या दगडखाणी. ४ जुलै २०१५ च्या शनिवारी राज्यभर एका दिवसात अशा मुलांची मोजणी झाली. शिक्षक दारोदार फिरले, मतदानाला लावतात तशी नोंद झालेल्या मुलांच्या बोटांना शाई लावली. आकडा फारच कमी आला म्हणून पुढे आरडाओरडही झाली. पण त्या तक्त्यात रकाना दोनच गोष्टींचा होता, शाळेत जाते की जात नाही. भट्टीवर विटा उचलणारी मुलगी आणि डायनिंग टेबलावर अपूर्णांक सोडवणारी मुलगी यांना त्यात एकच रकाना. पहिलीला शोधायलाच हवं; पण दुसरीच्या आईला ‘मूल शाळाबाह्य आहे’ असं ऐकवणं मला तरी अन्यायच वाटतो.

घरी शिकणाऱ्यांसाठी वाटा खुल्या आहेत त्या बहुतेक परीक्षेच्या अंगाने. शाळेत न जाता परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे (एनआयओएस) ‘अ’, ‘ब’, ‘क’ स्तर तिसरी, पाचवी, आठवीला समकक्ष. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांचा पुन्हा उल्लेख केला. राज्यानेही पाचवी आणि आठवीसाठी आपलं मुक्त विद्यालय काढलं. परदेशी मंडळाची परीक्षा खाजगीरीत्या देता येते, पण फी ऐकून बरेच जण मागे फिरतात. आणि मध्येच शाळेत जायचं ठरलं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्ग मिळतो. घरी शिकवणाऱ्यांना हे कलम फार कमी माहीत असतं.

राहिला दहावीचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देण्याचा अर्ज. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जे मूल शाळेत कधी गेलंच नाही, ते शाळा सोडणार कशी? म्हणून अशी बरीच घरं दहावीलाही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडेच वळतात. तिथे वयाची १४ पूर्ण लागतात आणि आठवीचा कागद नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं.