पार्श्वभूमी : सभागृह आलं, ग्रामसभा गेली

तालुक्याच्या गावांत हल्ली बहुउद्देशीय सभागृहं उभी राहताहेत. मंजुरीच्या कागदावर ‘नागरिकांच्या बैठकांसाठी’ असा उद्देश असतो. पण नागरिकांनी कोणत्या हक्काने, कोणत्या बैठकीला यायचं, हे कोणत्याच नकाशात नसतं.

चावडी, पार, देवळाचा सभामंडप हा जुना इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पारावरच्या चर्चेचं कौतुक जरा जास्तच होतं. वर कोण बसणार आणि खाली कोण उभं राहणार, हे जात ठरवायची. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला ग्रामसभेत बसण्या-बोलण्याचा हक्क दिला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, त्यावर सह्यांचं रजिस्टर, समोर सतरंजी आणि आरडाओरडा, असं तिचं रूप. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार लागत. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब व्हायची. कधी रजिस्टरच सह्यांसाठी घरोघर फिरायचं. तरी घरकुलाच्या यादीवर सरपंचाला भर सभेत जाब विचारता येत होता.

खरा घोळ पुढचा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. ७४ वी शहरांसाठी होती, पण तिने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या ३ लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत. ग्रामपंचायत जाऊन शहरात मोजलं गेलेलं पंधरा-वीस हजारांचं गाव मधल्या मध्ये राहिलं: ग्रामसभा नाही आणि प्रभाग समितीची सक्तीही नाही. त्यात २०१४ मध्ये राज्याने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती, म्हणजे छोट्या शहरांचा कारभार पाहणाऱ्या संस्था, करायचं ठरवलं. निधी वाढेल, मुख्याधिकारी येईल, बांधकामांना शिस्त लागेल, हे समर्थन खोटं नव्हतं. लोकांची कुरकुर घरपट्टीवरून झाली. ग्रामसभा कायमची बंद होतेय, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही, आणि माझ्या मते या निर्णयातलं सर्वांत मोठं नुकसान तेच होतं. नगरपंचायतीच्या सभेत सतरा प्रभागांचे सतरा नगरसेवक बोलतात. नागरिकाला तिथे बोलण्याचा हक्क नाही.

पर्याय नव्हता असंही नाही. केंद्राच्या नागरी निधीची अट म्हणून राज्याने २००९ मध्येच क्षेत्रसभेची तरतूद केली होती. एका क्षेत्रातल्या सगळ्या मतदारांनी एकत्र बसायचं, अशी ती कल्पना. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली.

नव्या सभागृहांची रचना या पोकळीतून आली आहे. छातीएवढं उंच स्टेज, वर सोफे, एकच माईक, खाली स्टेजकडे तोंड केलेल्या खुर्च्यांच्या रांगा, मागे वधूपक्षाची खोली आणि स्वयंपाकाची शेड. लग्न, सत्कार आणि उद्घाटनाला हे चोख आहे. वाद घालायला मात्र माणसं समोरासमोर बसावी लागतात, आणि माईक स्टेजवरून खाली यावा लागतो.

वापराचे नियमही तसेच. सभागृह अनेकदा ठेक्याने चालवायला दिलेलं असतं, किल्ली ठेकेदाराकडे. पाणीप्रश्नावर बैठक घ्यायची तर अर्ज, अनामत आणि भाडं, तेही लग्नाची तारीख नसेल तर. नागरिकांच्या बैठकीला भाडं माफ करायचं का, हे ठरवणार त्याच सतरा जणांची सभा.