'ॲट सातारा' की 'इन सातारा': एका नियमाची पार्श्वभूमी

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलीनं परवा वहीत लिहिलं, 'माय फादर इज ऑन द स्टँड.' वडील तिला न्यायला साताऱ्याच्या एसटी स्टँडवर येऊन थांबले होते, एवढंच तिला सांगायचं होतं. 'स्टँडवर' म्हणजे 'ऑन द स्टँड'. तिच्या हिशेबानं चूक कुठेच नाही, कारण तिला पाठ करून दिलेल्या कोष्टकात 'वर'समोर 'ऑन'च आहे.

या कोष्टकाचं मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. मराठीची व्याकरणं छापून येऊ लागली तेव्हा शब्दांच्या जातींची इंग्रजी चौकट समोर होती आणि त्यात प्रिपोझिशनच्या जागी शब्दयोगी अव्यय बसलं. एक नामाच्या आधी येतं, दुसरं मागून चिकटतं, हा फरक मुलं चार दिवसांत पचवतात. खरी अडचण वेगळी आहे. इंग्रजीत प्रिपोझिशन जे काम करतं, त्यातलं निम्मं मराठीत विभक्तीचे प्रत्यय करतात आणि ते या कोष्टकात येतच नाहीत. 'सोमवारी', 'सकाळी', 'रात्री' या तिन्हींत तोच सप्तमीचा 'ई'. इंग्रजीत मात्र सोमवारला 'ऑन', सकाळला 'इन', रात्रीला 'ॲट'. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय लागत. ते झिजले आणि त्यांचा भार प्रिपोझिशनवर आला.

आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ घातला तो एका जुन्या नियमानं: मोठ्या शहराला 'इन', लहान गावाला 'ॲट'. पिढ्यान् पिढ्या शाळांतून चाललेल्या व्याकरणाच्या पुस्तकात तो छापलेला होता. इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत 'ॲट सातारा' सर्रास दिसतं. बदलीवर आलेल्या साहेबाला सातारा हे नकाशावरचं एक ठाणं होतं, मुक्कामाची जागा. आपल्या पत्त्यातलं 'मु. पो.' इंग्रजीत 'ॲट पोस्ट' होतं, तेही याच अर्थानं. 'ॲट' म्हणजे मुक्काम, ही समज अगदी रास्त होती. नियम करताना मात्र मुक्काम बाजूला पडला आणि गावाचा आकार तेवढा उरला.

आणि आकार कुणी मोजायचा? १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं आणि १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका आली. यातल्या कोणत्या वर्षी सांगलीचं 'ॲट' जाऊन 'इन' झालं? मला स्वतःला आठवीत 'आय लिव्ह इन सांगली'वर लाल रेघ मिळाली होती. गुरुजींच्या मते सांगली लहान होती. तो गुण गेल्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण वाक्य बरोबर होतं. माणूस राहतो ते 'इन'च, मग ती दहा घरांची वाडी असो की मुंबई. गाव प्रवासातला एक टप्पा म्हणून डोळ्यांसमोर असेल तर 'ॲट': 'वी चेंज्ड ट्रेन्स ॲट मिरज.' त्याच मिरजेत बहीण राहत असेल तर 'शी लिव्ह्ज इन मिरज.' मिरज तेवढीच, बघणं बदललं.

मराठीतही 'सांगलीला' आणि 'सांगलीत' असा बारीक भेद आहे. शिकवताना त्याचा आधार घेता येतो, पण बेतानंच. 'सांगलीला जातो'मधला 'ला' म्हणजे 'टू' आणि 'सांगलीला राहतो'मधला 'ला' म्हणजे 'इन'.

२००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा राज्यभर वाद झाला. तो मुख्यतः मुलांच्या वयाचा आणि मराठीचं काय होणार याचा होता. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला प्रिपोझिशन कसं समजावायचं, याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालीच नाही. पहिलीच्या मुलाला खोक्यात चेंडू, खोक्यावर चेंडू, खोक्याखाली चेंडू अशी चित्रं दाखवतात. ती उत्तमच आहेत, पण जागेपुरती. 'माझ्यावर रागावली'चं 'अँग्री ऑन मी' होतं आणि 'तिच्याशी लग्न केलं'चं 'मॅरीड विथ हर', तिथे खोकं कामाला येत नाही. पुढे स्पर्धा परीक्षांचा रेटा आला. गाळलेली जागा, चार पर्याय, आणि क्लासमधून मिळालेली झेरॉक्सची यादी. यादीनं गुण मिळतात हे खरं. पण कारण न कळता पाठ केलेली यादी परीक्षेनंतर टिकत नाही, हे मी दरवर्षी बघतो.

त्या मुलीला मी सांगितलं, स्टँड म्हणजे भेटायचं ठिकाण, म्हणून 'ॲट द स्टँड'. पोवई नाक्यावर उभा असलेला माणूसही 'ॲट'च. तिनं खोडून नीट लिहिलं, मग विचारलं, "सर, एसटीत बसले की 'इन द बस' ना?" म्हटलं, जिच्यात उभं राहून चालता येतं त्या गाडीला 'ऑन' म्हणतात. बस, रेल्वे, विमान. कारला 'इन'. तिनं खाली लिहिलं, 'माय फादर इज ऑन द बस', आणि समासात पेन्सिलीनं एसटी काढून आत उभा असलेला माणूस काढला.